मॅट वॉर्निशनंतर फिगर्स पांढऱ्या पडल्या? थिनरला हात लावू नका, आधी पाण्याचा थेंब लावून बघा

दरवर्षी जुलै लागला की मला हाच फोटो येतो, फक्त पाठवणारा वेगळा असतो. तीन-चार महिने रात्री जागून रंगवलेल्या फिगर्स, म्हणजे बोटभर उंचीचे धातूचे घोडेस्वार, शेवटचं काम म्हणून त्यावर मॅट वॉर्निशचा स्प्रे मारला, जेवून परत येऊन बघतो तर सगळ्यांवर पिठी उडाल्यासारखं पांढरं. काळा घोडा राखाडी झालाय, गडद निळा डगला दहा वर्षं धुतल्यासारखा फिका पडलाय, चेहऱ्यावरचे डोळे-मिशा तर दिसतच नाहीत. आणि फोटोखाली एकच ओळ, "सगळं वाया गेलं का रे?"

नाही गेलं. हे मी सगळ्यात आधी लिहितोय कारण माझ्या वेळी मला हे सांगणारं कोणी नव्हतं आणि मी त्या भीतीपोटी जे केलं त्याने खरं नुकसान झालं, वॉर्निशने नाही. तुमचा रंग खाली जसाच्या तसा आहे. त्याच्यावरचा पारदर्शक थर फक्त पारदर्शक राहिलेला नाहीये, आणि तो बहुतेक वेळा परत पारदर्शक करता येतो.

माझी गोष्ट थोडक्यात. मी ठाण्यात राहतो, १५ मिमीच्या धातूच्या फिगर्स रंगवतो आणि आमचा चौघांचा ग्रुप १४ जानेवारीच्या आसपास टेबलावर या फिगर्स मांडून पानिपतची लढाई खेळतो, १७६१ची, दोन्ही सैन्यं आमचीच. पहिल्या वर्षी माझ्याकडे हुजुरातीचे, म्हणजे पेशव्यांच्या खास पथकातले, घोडेस्वार होते, ४० मिमी रुंद बेसवर (फिगर्स चिकटवायच्या पट्टीवर) तीन-तीन असे १८ बेस, म्हणजे ५४ स्वार. जुलैच्या एका रविवारी, दोन दिवस पाऊस थांबला होता म्हणून, गॅलरीत पुठ्ठ्यावर मांडून सगळ्यांवर एकदम स्प्रे मारला. अर्ध्या तासात घोडे पांढरे.

आता यात एक गंमत अशी की स्वार ठीक दिसत होते. मराठा स्वारांचे अंगरखे मी पांढरे, दुधी रंगवलेले, त्यांच्यावर पांढरा थर आला तरी कळणार कसं? खराब दिसत होते ते फक्त घोडे, आणि त्यातही काळे आणि गडद तपकिरी. त्यामुळे मी निष्कर्ष काढला की घोड्यांसाठी आणलेला तपकिरी रंगच खराब निघाला. मग त्यावर तपकिरी वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पाण्यासारखा पातळ रंग, फिरवला, तो खडबडीत पृष्ठभागावर डागाडागांनी बसला. मग स्प्रेचा डबा खराब असेल म्हणून दुसरा आणला, त्याच संध्याकाळी एका बेसवर मारून बघितला, तोही पांढरा. मग शेवटी थिनरमध्ये सहा बेसच्या फिगर्स टाकल्या, १८ स्वार, रंग, त्याखालचा प्रायमरचा थर, सगळं उतरवलं आणि परत पहिल्यापासून सुरुवात. उरलेले ३६ तसेच डब्यात ठेवले कारण हिंमतच नव्हती.

कारण कळलं ते आमच्याच बिल्डिंगमधल्या काकांकडून, ते आयुष्यभर फर्निचर पॉलिशचं काम करत आलेत. गॅलरीत वाळत ठेवलेलं बघून म्हणाले, "अरे, पावसात लॅकर मारतो का कोणी? पांढरं पडणारच." त्यांच्यासाठी ही इतकी साधी गोष्ट होती. लाकडावर लॅकर मारणारे लोक पावसाळी हवेत एक तर काम पुढे ढकलतात नाहीतर हळू सुकणारं थिनर मिसळतात. आपल्या छंदातली बरीचशी माहिती थंड देशातल्या माणसांनी लिहिलेली असते, त्यात "दमट हवेत स्प्रे करू नका" असं एक वाक्य असतं आणि आपण ते वाचून पुढे जातो, कारण आपल्याकडे चार महिने दुसरी हवाच नसते.

डिसेंबरमध्ये तोच पहिला डबा मी पुण्याच्या मित्राकडे घेऊन गेलो, दुपारी दोन वाजता त्याच्या गच्चीवर मारला, एकदम स्वच्छ मॅट. डब्यात काहीच खोट नव्हती.

आधी खात्री करा की नक्की हेच झालंय

एक जुना ब्रश घ्या, साध्या पाण्यात बुडवा आणि सगळ्यात पांढऱ्या दिसणाऱ्या घोड्याच्या पाठीवर थेंब पसरवा. ओलं असताना खालचा रंग परत गडद, जिवंत दिसला आणि सुकल्यावर पुन्हा पांढुरकं झालं तर तुमचा प्रॉब्लेम वॉर्निशच्या थरातच आहे आणि हा लेख तुमच्यासाठीच आहे. ओलं करूनही पांढरं तसंच राहिलं तर ते दुसरं काहीतरी आहे, त्याकडे नंतर येतो.

हा थेंब असं का दाखवतो ते समजून घ्या, कारण पुढचा सगळा उपाय त्यावरच उभा आहे. खडीसाखर बघा, आरपार दिसते. तीच कुटून पिठीसाखर केली की पांढरीशुभ्र. साखर बदलली नाही, फक्त बारीक कण आणि मधली हवा यांच्यात प्रकाश इकडून तिकडे आपटत राहतो, सरळ जात नाही, आणि आपल्याला पांढरं दिसतं. वॉर्निशच्या थरात सूक्ष्म पोकळ्या राहिल्या की हेच होतं. आता भज्यांचा कागद आठवा, तेल शिरलं की कागद अर्धपारदर्शक होतो, कारण कागदाच्या धाग्यांमधल्या हवेची जागा तेलाने घेतली. पोकळी कशाने तरी भरा, पांढरं जातं. प्रकाश किती वळतो त्याचा एक आकडा असतो, हवेसाठी १, पाण्यासाठी १.३३, अ‍ॅक्रिलिकसाठी साधारण १.४९. भरणाऱ्या पदार्थाचा आकडा वॉर्निशच्या जितका जवळ, तितका थर स्वच्छ दिसणार. पाणी बऱ्यापैकी जवळ आहे पण ते उडून जातं, म्हणून पांढरं परत येतं. आपल्याला न उडणारं काहीतरी तिथे भरायचंय, एवढंच.

पोकळ्या येतात कुठून

स्प्रेच्या डब्यात राळ, सॉल्व्हंट, मॅट करणारी बारीक सिलिकाची भुकटी आणि दाबाने द्रवरूप केलेला गॅस असतो. बाहेर पडताना गॅस आणि सॉल्व्हंट झपाट्याने उडतात आणि उडताना उष्णता घेऊन जातात, हातावर सॅनिटायझर घेतल्यावर गार लागतं तसं. म्हणजे वॉर्निशचा ताजा थर काही सेकंद आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होतो.

आता आकडे बघा. ठाण्यात जुलैमध्ये २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू येतो २५ अंशांच्या थोडा वर. म्हणजे पृष्ठभाग फक्त तीन अंश थंड झाला की हवेतलं पाणी त्यावर जमायला लागतं, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर जमतं तसं. तीन अंश म्हणजे काहीच नाही, स्प्रेचा एक झपका पुरतो. तेच पुण्यात डिसेंबरच्या दुपारी २८ अंश आणि ३५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू ११ अंशांच्या आसपास. तिथे थर १७ अंशांनी थंड व्हायला हवा, तो होतच नाही. मित्राच्या गच्चीवर जमलं ते यामुळे. माझ्या हाताला पाच महिन्यांत काही कौशल्य आलेलं नव्हतं.

त्या थेंबांवरच राळ घट्ट होते, पाणी नंतर कधीतरी उडून जातं आणि मागे उरतात पोकळ्या. पाऊस पडत नसतानाही हे होतं हे लक्षात घ्या, मी बरोबर हीच चूक केली होती, "आज पाऊस नाही" म्हणून स्प्रे घेतला. पाऊस थांबलेल्या दिवशी ओली जमीन तापते आणि हवा कधीकधी जास्तच दमट असते. आकाश बघून ठरवू नका, मीटर बघून ठरवा. आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मीटर ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो, माझ्या टेबलावर ब्रशच्या स्टँडशेजारी असतो आणि माझ्या मते प्रत्येक मुंबई-ठाणे-कोकणवाल्या पेंटरकडे तो दुसऱ्या कुठल्याही महागड्या ब्रशच्या आधी असायला हवा.

झालेलं दुरुस्त कसं करायचं

पहिली गोष्ट, थांबा. दोन-तीन दिवस फिगर्स पंख्याखाली मोकळ्या ठेवा, झाकण लावलेल्या डब्यात नको. हलकंसं धुरकट असेल तर आत अडकलेला ओलावा निघून जाऊन थोडं कमी होतं. पूर्ण जाईल अशी आशा धरू नका पण घाईत वर काही मारू नका.

मग एकच बेस निवडा, सगळ्यात कमी जीव असलेला, आणि जे काही करायचं ते आधी त्याच्यावर. हे मी कळकळीने सांगतोय, ५४ पैकी ५४वर एकदम प्रयोग करू नका.

मी ३६ स्वार ज्या पद्धतीने वाचवले ती ब्रशची आहे. पाण्यात मिसळणारं अ‍ॅक्रिलिक ग्लॉस वॉर्निश घ्या, ग्लॉसच, मॅट नाही. मी वॅलेहो कंपनीच्या ड्रॉपर बाटलीतलं वापरतो पण कुठलंही चांगलं अ‍ॅक्रिलिक ग्लॉस चालेल, ते पॅलेटवर चार-पाच थेंब घ्यायचं आणि त्यात एक थेंब पाणी. मऊ सिंथेटिक ब्रश, ४ नंबरचा किंवा छोटा चपटा, आणि वरून खाली एक पातळ हात. ग्लॉसमध्ये सिलिका नसते, ते पातळ राळेसारखं पोकळ्यांमध्ये शिरतं आणि तिथेच बसतं. ब्रश फिरवताना समोरच रंग परत येताना दिसतो. मला आजही आठवतंय, रात्री साडेअकराला पहिल्या काळ्या घोड्याच्या मानेवर ब्रश फिरला आणि मी तीन महिन्यांपूर्वी काढलेली आयाळीवरची निळसर हायलाइट खालून वर आली, मी घरातल्यांना उठवून दाखवलं.

एका हाताने पूर्ण गेलं नाही तर सुकू द्या आणि दुसरा हात द्या. खोगिराखालच्या खाचा, पोट, मांड्यांच्या आतली बाजू इथे थोडं राहू शकतं. तिथे तिसरा हात देत बसण्यापेक्षा गडद रंगाचा एक पातळ हात फिरवा, ग्लॉसवर वॉश छान सरकतो आणि खाचांत बसतो, खडबडीत थरावर बसतो तसा डागाळत नाही. मी पहिल्यांदा वॉश मारला तेव्हा तो बिघडला कारण खाली ग्लॉस नव्हता.

आता फिगर्स चकचकीत झाल्या, काचेच्या बाहुल्यांसारख्या. निदान २४ तास सुकू द्या, पावसाळ्यात ४८, कारण पाण्याचं वॉर्निशही दमट हवेत उशिरा कडक होतं. वरून सुकलेलं वाटतं पण आत चिकट असतं, डब्यात शेजारी शेजारी ठेवलेले भाले एकमेकांना चिकटतात. मग ब्रशनेच मॅट. मॅटची बाटली भरपूर हलवा, तळाशी सिलिका बसलेली असते, ती वर आली पाहिजे, आणि हलवल्यावर पाच-दहा मिनिटं ठेवा म्हणजे बुडबुडे जातील. थर पातळ. खाचांत तळं झालं तर ते सुकून दुधाळ होतं, म्हणजे आपण एक पांढरं घालवून दुसरं आणलं, म्हणून ओलसर स्वच्छ ब्रशच्या टोकाने ते टिपून घ्यायचं. हे काम कंटाळवाणं आहे, ३६ स्वारांना मला चार रात्री लागल्या, पण त्या चार रात्रींसमोर १८ स्वार पुन्हा रंगवायला लागलेले सात आठवडे ठेवून बघा.

दुसरा रस्ता म्हणजे कोरड्या दिवसाची वाट बघून त्याच जातीच्या सॉल्व्हंटवाल्या स्प्रेचा एक हलका, थोडासा ओला हात. ताजं सॉल्व्हंट जुना थर मऊ करतं, पोकळ्या मिटतात. हे छान काम करतं, पण कोरडा दिवस हवा. जुलैमध्ये ठाण्यात बसून हा उपाय करायला गेलात तर तोच प्रॉब्लेम दुप्पट होईल. दिवाळीनंतर करणार असाल तर फिगर्स तशाच ठेवून द्या, त्या बिघडत नाहीत.

तेलाचा उपाय सगळेच सांगतात, ऑलिव्ह ऑइल ब्रशने चोळायचं आणि जास्तीचं पुसून घ्यायचं. काम करतं का? करतं, ऑलिव्ह ऑइलचा तो मघाचा आकडा १.४७च्या आसपास आहे, अ‍ॅक्रिलिकच्या अगदी जवळ. पण ते सुकत नाही. शोकेसमध्ये ठेवायची एखादी मोठी फिगर असेल तर ठीक, खेळात हाताने उचलायच्या सैन्यावर मी ते लावणार नाही, धूळ बसते आणि नंतर वरचं पाण्याचं वॉर्निश नीट धरत नाही. घरात आहे म्हणून खोबरेल तर अजिबात नको, ते साधारण २४ अंशांखाली गोठायला लागतं आणि गोठलं की पांढरं होतं, म्हणजे पानिपतच्या खेळाच्या वेळी जानेवारीत तुमचे घोडे परत पांढरे.

थिनर, अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, यातलं काहीही पांढरं "पुसायला" वापरू नका. ते वॉर्निश आणि रंग असा भेद करत नाहीत, सगळंच उतरवतात.

मेटॅलिक रंगांचं काय

हे वेगळं लिहितो कारण यात बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. तलवारीची पाती, भाल्याची टोकं, तोफांची पितळी नळी, जरीपटक्यावरची जर, हे सगळं मॅटखाली मेल्यासारखं राखाडी दिसतं आणि लोक म्हणतात पांढरं पडलं. तो दोष नाहीये, मॅटचं कामच चमक मारणं आहे. सगळं मॅट करून झालं की शेवटी बारीक ब्रशने फक्त धातूच्या जागी ग्लॉसचा ठिपका द्या, घोड्याच्या डोळ्यात पण एक. मॅट अंगावर तेवढीच पाती चमकली की टेबलावर दोन फुटांवरून रांग कशी उठून दिसते ते करूनच बघा.

पुढच्या वेळी होऊ नये म्हणून

आमच्याकडे पापड-कुरडयांचं वाळवण एप्रिल-मेमध्ये उरकतात, मी स्प्रेचं काम त्याच्याच आधी-मागे उरकतो. प्रायमर आणि वॉर्निशचे स्प्रे साधारण दिवाळीनंतर ते मे, आणि जूनपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत डबे कपाटात. फिगर्स रंगवणं बारा महिने चालू, फक्त पावसाळ्यासाठी लागणाऱ्या फिगर्सना मे महिन्यातच एका दमात प्रायमर मारून ठेवतो. यावर्षी १२० मारल्या. प्रायमरचा स्प्रेही दमट हवेत दाणेदार होतो किंवा नीट धरत नाही, आणि ते रंगाखाली लपतं असं वाटत असेल तर नाही लपत, चेहऱ्यावर रवा चिकटल्यासारखं दिसतं.

वेळ दुपारी एक ते चारच्या मधली, सकाळची नको. हिवाळ्यातही कोकणात आणि खाडीच्या आसपास सकाळी आर्द्रता भरपूर असते, ऊन चढलं की उतरते. माझा नियम असा, मीटरवर ६०च्या खाली असेल तर बिनधास्त, ६० ते ६५ असेल तर आधी चाचणी, त्याच्या वर नाही म्हणजे नाही, समोर कितीही जवळची डेडलाइन असली तरी. चाचणीसाठी प्लास्टिकचे काळे चमचे आणून ठेवा. एका चमच्यावर झपका मारा, वीस मिनिटं थांबा, काळा काळाच राहिला तर सैन्य आणा.

एसीचा सापळा सांगतो. दोघांनी मला हे स्वतःहून सांगितलंय की "आम्ही तर फिगर्स रात्रभर एसीच्या खोलीत सुकवल्या, कोरड्या ठणठणीत, तरी पांढऱ्या पडल्या." अहो, एसीतून २२-२४ अंशांची धातूची फिगर बाहेरच्या दमट गॅलरीत आणली की तिच्यावर लगेच बाष्प धरतं, चष्म्याच्या काचा धुकटतात तशा, डोळ्यांना दिसत नाही एवढंच. स्प्रे मारायच्या आधीच ती ओली झालेली असते. उलट करा, फिगर हवेपेक्षा थोडी गरम असायला हवी. मी पुठ्ठ्याच्या खोक्यात ४० वॉटचा जुना पिवळा बल्ब लावून त्यात फिगर्स अर्धा तास ठेवतो, हाताला कोमट लागल्या की बाहेर काढून मोकळ्या हवेत स्प्रे. धातू उष्णता धरून ठेवतो, तेवढा वेळ पुरतो. आणि हे नीट वाचा: बल्ब बंद करून, लांब ठेवून मगच स्प्रे मारायचा, आणि ताज्या स्प्रे केलेल्या फिगर्स त्या खोक्यात परत ठेवायच्या नाहीत, त्यातून निघणारी वाफ पेट घेणारी असते. त्याच कारणाने एसी लावलेल्या बंद खोलीत स्प्रे मारायचा नाही, कोरडी असली तरी. मास्क लावा, देवघरातली समई-निरांजन, गॅस, काही पेटलेलं जवळ नको.

डबा थंड असेल तर कोमट पाण्याच्या भांड्यात पाच-दहा मिनिटं उभा करा, अंघोळीच्या पाण्याइतकं कोमट, कढत नाही. डब्यावर ५० अंशांच्या वर नेऊ नका असं लिहिलेलं असतं ते खरंच पाळायचं असतं. मग दोन मिनिटं मोजून हलवा. आतली गोळी वाजायला लागल्यावर दोन मिनिटं, त्याच्या आधीची धरायची नाहीत. २०-२५ सेंटिमीटर अंतर, झपका फिगरच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेर संपवायचा, पातळ दोन हात, मध्ये पंधरा-वीस मिनिटं.

विदर्भातल्या लोकांसाठी वेगळं. नागपूरला मे महिन्यात पांढरं दमटपणामुळे पडत नाही, तिथे उलट होतं, उन्हात स्प्रे फिगरपर्यंत पोचायच्या आधीच हवेत सुकतो आणि कोरडी भुकटी येऊन बसते. बोटाला खरखरीत लागतं. तिथे सकाळी लवकर आणि थोडं जवळून मारा.

पाण्याच्या थेंबाने गेलं नाही त्यांच्यासाठी

फक्त सांध्याभोवती, म्हणजे भाला हातात चिकटवला तिथे, गोल पांढरा डाग असेल तर ते सुपरग्लूचं आहे. त्याची वाफ हवेतल्या ओलाव्याने घट्ट होऊन आजूबाजूला बसते. ग्लू कमी घ्या, चिकटवल्यावर झाकणबंद डब्यात ठेवू नका, आणि आत्ता आलेल्या डागावर रंगाचा हात फिरवा, झालं.

बेसवरच पांढरं-हिरवट कापसासारखं असेल तर ती बुरशी. लाकडाचा भुसा, वाळवलेली चहापत्ती असलं काही बेसवर माती म्हणून वापरलं असेल तर कोकणातल्या हवेत ती येणारच. खरवडून काढा, वाळू वापरा.

आणि जुन्या धातूच्या फिगर्सवर रंगाच्या आतून पांढरी भुकटी वर येत असेल, रंगाला फोड आल्यासारखे दिसत असतील, तर ते शिशाचं सडणं आहे आणि ते गंभीर आहे. जुन्या मिश्रधातूत शिसं बरंच असायचं, आणि बंद लाकडी किंवा प्लायवूडच्या कपाटात लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने त्याचं कार्बोनेट होतं. ती भुकटी विषारी आहे. फुंकर मारू नका, मास्क आणि ग्लोव्हज घालून ओल्या ब्रशने काढा, हात धुवा, लहान मुलांपासून लांब ठेवा आणि बाकीचं सैन्य त्या कपाटातून आजच बाहेर काढा, प्लास्टिकच्या हवा खेळणाऱ्या डब्यात हलवा.

आज दुपारी माझा मीटर ८८ दाखवतोय. इब्राहिमखानाचे गारदी, म्हणजे त्याचं कवायती पायदळ, अजून १२ राहिलेत, गडद डगले, म्हणजे जरा जरी पांढरं आलं तरी लगेच दिसणारे, आणि जानेवारीत डाव्या बगलेला रोहिल्यांसमोर तेच उभे राहायचेत. ग्लॉस काल रात्री ब्रशने दिलं, उद्यापर्यंत पंख्याखाली आहेत. परवा मॅट, तेही ब्रशनेच.